पितळेची कडी

"छापली! बाबा, यादी छापली!"

तोंडातलं दंतमंजनही न थुंकता प्रेमिला पेपर घेऊन ओट्यावर चढली. विद्यापीठातल्या कोणत्या मास्तराला कोणत्या संशोधनासाठी सरकारने किती रुपये दिले, असं विधानसभेत कोणीतरी विचारलं होतं, आणि आज ती अख्खी यादी पाचव्या पानावर आली होती. यादी जशीच्या तशी छापावी म्हणून प्रेमिलाने स्वतः पेपराला पोस्टकार्ड टाकलं होतं. खाली पूर्ण नाव, इयत्ता दहावी, तुकडी ब. आता ती कोणाच्या बापाला भीत नव्हती.

भीती कशाची? बाबारावांचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. बाबाराव म्हणजे घरमालक, तहसील कचेरीतून रिटायर झालेले. रोज समोरच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "सरकारनं ग्रँट देल्ली कॉलेजले, अन् मशीन आलं मास्तराच्या घरी! असं कसं गा?"

मास्तर म्हणजे प्रेमिलाचे बाबा, आनंदराव, आणि मशीन खरंच त्यांच्या घरी होतं. मागच्या अंगणात, टिनाच्या शेडमध्ये. रामटेकच्या राइस मिलमधून पोत्यांनी तूस यायचं आणि ते मशीन त्या तुसाच्या विटा पाडायचं. लाकडासारख्या जळणाऱ्या, धूर जवळजवळ नाहीच.

"बाबाराव, कान इकडे करा!"

"वाच वं, वाच. माह्या कानात बोळे नाहीत."

नळावर बादली लावून उभी असलेली शेजारची कांताबाई हसली. शेडमधून आनंदराव बाहेर आले, कोपरापर्यंत तूस चिकटलेलं.

"प्रेमिला, राहू दे. शाळेले उशीर होऊन राहिला तुले."

"बाबा, आज रविवार आहे!"

आता तर बाबारावही हसले. आई दारात आली. तिच्या हाताला चिंच होती, कारण रविवारी सकाळी ती कडी घासायची. इतवारी बाजारातून आणलेली पितळेची जड कडी, नव्या घराच्या दारासाठी. घर अजून व्हायचं होतं. हिंगणा रोडवर प्लॉट तेवढा होता. आनंदरावांचा फंड काढायचा आणि दिवाळीनंतर पाया खोदायचा, असं ठरलेलं होतं. कडी मात्र आधीच आली होती आणि दर आठवड्याला सोन्यासारखी चमकत होती.

प्रेमिलाने आवाज चढवला. एकेक नाव, एकेक विषय, एकेक रक्कम. एकाला चाळीस हजार. "अरे बाप्पा!" कांताबाई म्हणाली. एकाला पंचावन्न. बाबारावांनी मान डोलावली.

"आता ऐका! क्रमांक तेवीस. आनंदराव गजभिये. विषय, धानाच्या तुसापासून इंधनाच्या विटा. मंजूर रक्कम..."

तिचं बोट ओळीवर पुढे सरकलं आणि तिथेच राहिलं. रकमेच्या रकान्यात आकडाच नव्हता. 'निरंक' असं छापलं होतं. त्याच्या शेजारी, बारीक टायपात, 'प्रस्ताव नामंजूर, १९७६.'

नळाखालची बादली भरून वाहू लागली. कांताबाईने नळ बंद केला नाही.

"काय झालं? वाच नं," बाबाराव म्हणाले. मग स्वतःच उठून आले, चष्मा लावला, तिच्या हातातला पेपर डोळ्यांजवळ धरला. आयुष्यभर त्यांनी असले रकाने भरले होते. त्यांनी पेपर हळूच परत दिला.

"चुकीचं छापलं असंल," ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात रोजची धार नव्हती.

"चुकलंच आहे! बाबा, चुकलंय ना? मी आत्ताच्या आत्ता दुसरं पोस्टकार्ड टाकते!"

आनंदराव हातावरचं तूस खरवडत होते. निघत नव्हतं.

"नाही चुकलं, बेटा. सरकारनं तवाच नाही म्हटलं होतं."

"पण ग्रँट मिळाली म्हणून तुम्ही तर पेढे आणले होते!"

प्रेमिलाला वाटलं, ओटा पायाखालून सरकतोय. त्या दिवशी गल्लीत घरोघरी पेढे तिनेच वाटले होते. बाबारावांना दोन जास्तीचे.

"मंग मशीन कशाचं हाय?" आईने विचारलं.

आनंदराव पुन्हा हातावरचं तूस खरवडू लागले.

"फंडाचं," आई म्हणाली. विचारलं नाही, नुसतंच म्हणाली. "किती उरला?"

आनंदरावांनी मान हलवली. उरला नव्हता.

बाबारावांनी खुर्ची उचलली. ती उचलून ते कधीच घरात नेत नसत. "मी आपला मशीनचं म्हणत होतो मास्तर, तुमचं नाही," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कांताबाई अर्धी बादली सांडत निघून गेली. प्रेमिला पेपर छातीशी धरून उभी होती, तोंडात कडू झालेलं मंजन. हे पोस्टकार्ड टाकायला तिला कोणीही सांगितलं नव्हतं.

आई आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज नाही, रडण्याचा नाही. नुसतं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ती कडी घेऊन बाहेर आली, धुतलेली, पदराने कोरडी केलेली. तिने ती आनंदरावांच्या तुसाने भरलेल्या हातावर ठेवली.

"शेडच्या दाराले लावा."

"इंदू..."

"सरकारचं म्हणून तीन वर्षं उघडंच ठेवलं आपण ते." ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, टिनाच्या दाराकडे पाहत होती. "आपलं हाय म्हटल्यावर कडी नको?"