दसऱ्याची एक फेरी

“ब्रेक वळणाआधी. वळणात नाही,” रघुवीर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

लिओरानं आधीच वेग उतरवला होता. तिसरा गिअर पडला, इंजिनाचा सूर एक पट्टी वर गेला आणि गाडी वळणातून अलगद बाहेर आली. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या एका इस्पितळात तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून दुसऱ्यांचे श्वास ऐकलेल्या त्या माणसानं मान डोलावली.

महिन्याभरात गाडी बघायला आलेली ही चौथी. पहिल्यानं ऐन वळणात ब्रेक मारला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्याला गाडी चालवायचीच नव्हती, कापडाखाली झाकून ठेवायची होती. तिसरा म्हणाला, इंजिन काढून बॅटरीवरची मोटर बसवतो. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

गाडी १९६८ची अल्फा रोमिओ, जीटी ज्युनियर. दोन दारांची, बर्टोने या इटालियन कंपनीनं बेतलेली. बॉनेटची पुढची कड जाळीच्या वर नखभर उचललेली, ओठ किंचित विलग व्हावेत तशी. पुढं कंपनीनं ती कड सपाट केली, आणि तेव्हापासून जगभरचे शौकीन ही जुनीच शोधत फिरतात.

त्यांची बायको प्रमोदिनी गेल्यापासून दीड वर्ष ती गॅरेजमध्ये उभी होती. रघुवीर दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवत, क्रोम पुसत, पुन्हा कुलूप लावत. पण ही गाडी उभी राहायला जन्मलेली नव्हती. त्यांना गिऱ्हाईक नको होतं, चालवणारं माणूस हवं होतं.

“अंकल, इटलीला नेलं होतं कधी?” लिओरानं विचारलं. ती लंडनच्या हाउन्सलोची. हीथ्रो विमानतळावर विमानांची इंजिनं दुरुस्त करायची.

“दोनदा. एका घाटात अठ्ठेचाळीस वळणं. प्रमोदिनी वर पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. आणि वर पोचल्यावर म्हणते काय, खाली जाऊ आणि पुन्हा चढू!”

“माझा आजी पण असाच होता.”

“असाच होता? मिशा होत्या का आजीला?”

लिओरा खळखळून हसली. “भायखळ्याची होती. तिनंच मराठी शिकवलं. अर्धं!”

“अर्धं पुरे. गिअर पूर्ण येतात.”

पुढचं वळण तिनं न सांगता तसंच घेतलं. रघुवीरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. नदी, बदकं, ओले बीच वृक्ष. दीड वर्षात पहिल्यांदा हा रस्ता त्यांना ओळखीचा वाटला.

घरासमोर गाडी थांबली.

“गाडी तुझी,” ते म्हणाले. “पण एक अट आहे. दसऱ्याला ती इथं आणायची. मी हार घालीन, बॉनेटला कुंकू लावीन. आणि मग याच रस्त्यानं एक फेरी. मी आहे तोवर.”

आधीच्या तिघांपैकी कुणालाही हे सांगायची वेळच आली नव्हती. बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, फार मागितलं आपण.

“दर दसऱ्याला,” ती म्हणाली. “प्रॉमिस. हार मी आणते.”

रघुवीरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “फार उपकार झाले गं. तुझे, आणि या गाडीचेही. चाळीस वर्षं आम्ही हिच्यात सुखानं फिरलो. कुठल्या जन्मीचं पुण्य, कुणास ठाऊक.”

लिओरानं किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“मग दसऱ्याचा फेरी तुम्हीच मारायचा, अंकल. मी फक्त बाजूला बसणार.”

रघुवीरांनी किल्ली तिला परत दिली.

“अगं, मला कुठे गाडी चालवता येते? चाळीस वर्षं मी बाजूलाच बसलो.”