जन्माआधीची तीट

बारशाच्या पाळण्यात निजलेल्या भावाच्या गालावर मृण्मयीने काजळाचं बोट टेकवलं. "आई, लावली बघ तीट!" ती नेहमीसारखी ओरडूनच बोलली.

तिच्या आईला, शर्वरीला, जुनं सगळं आठवलं. मृण्मयीच्या वेळी डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेले सगळे गर्भ तपासून त्यातला एक अगदी निर्दोष निघाल्याचं सांगितलं होतं. "इतकं अव्यंग लेकरू? दृष्ट लागेल गं बाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा घरोघरी एखादं बारीक व्यंग मुद्दाम ठेवून घेत आणि त्यालाच तीट म्हणत. म्हणून शर्वरीने डाव्या कानाने बहिरा असणारा गर्भ निवडला. पुढे उजवा कानही जाईल, हे कुठल्याच तपासणीत दिसलं नव्हतं.

तेव्हा बाजूला सारून गोठवून ठेवलेला तो निर्दोष गर्भ आज पाळण्यात होता.

मृण्मयी आईच्या ओठांकडे बघत होती. "आजी म्हणते, मला तू जन्माआधीच तीट लावलीस. खरं?"

शर्वरीने होकारार्थी मान हलवली.

मुलीने फडक्याने बाळाचा गाल पुसला. काजळ निघून गेलं. मग तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं, कानावरचे केस मागे सारले आणि ते फडकं आईच्या हातात दिलं.

"आता माझी पूस ना."