वहीतलं माप

“ती बरी दिसायला लागली, की जास्त लक्ष द्या,” असं समुपदेशक बाईंनी बजावलं होतं. थोरलीने मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, बरी दिसायला तर लागू दे आधी.

मग धाकटी खरंच बरी दिसायला लागली. कापडाच्या व्यापाऱ्याने गोदामात तिच्यावर बलात्कार केला, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. खटल्याला नुसत्या तारखा पडत होत्या. पण धाकटीने शिलाईचं दुकान पुन्हा उघडलं. कपडे वेळेवर देऊ लागली, गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागली. अंगावर माप घेणं तेवढं बंद केलं. जुना कपडा आणा, नाहीतर वहीत माप आहेच, म्हणायची. वेळ वाचतो, असं तिचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं. आमची धाकटी सावरली हो, असं थोरली सांगत सुटली. मुलीला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारी ती, बहिणीकडे मात्र उभ्या उभ्या डोकावून जायची.

आज ती मुलीला घेऊन नवा फ्रॉक न्यायला आली. फ्रॉक सुरेख होता. पण मुलीच्या खांद्यांवरच अडकला.

“मावशीने तुझ्या बाहुलीचा शिवला वाटतं,” म्हणत थोरलीने तो ओढून काढला. मशीनशेजारी वही उघडी होती. मुलीचं माप सव्वा वर्षापूर्वीचं होतं. पोरं वाढतात, हे शिवणारीला सांगावं लागत नाही.

“अगं, ही समोर उभी आहे. टेप काय शोभेला घातलीयस गळ्यात? घे की माप.”

धाकटीने टेप काढली. मुलीपुढे गुडघे टेकले. छातीभोवती टेप न्यायला हात पुढे केले आणि ते तसेच हवेत राहिले. मुलगी शहाण्यासारखी हात पसरून उभी होती. धाकटीच्या ओठांवर घाम आला.

“ताई, मला कुणाला हात लावता येत नाही,” ती म्हणाली. “हिलासुद्धा नाही.”

थोरलीने टेप घेतली, स्वतःच मापं घेतली, आकडे सांगितले. धाकटीने ते लिहून घेतले. एवढ्याने काही सुधारणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

“पाठीवर हात ठेवू?” थोरलीने विचारलं.

“नको.”

थोरलीने हात मागे घेतला आणि पर्स उचलली.

“जाऊ नकोस पण,” धाकटी वहीकडेच बघत म्हणाली. “बस ना.”

तुमच्याही ओळखीत अशी कुणी असेल, जिच्याबद्दल तुम्ही ‘सावरली’ म्हणून सांगता. आज तिच्याकडे जाऊन या. ती ‘नको’ म्हणाली, तर हात मागे घ्या. पण लगेच उठू नका.