एक जूनचा जन्म

गुरुजींसमोर शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं, तेव्हा अख्खं कोर्ट पुढे झुकलं. निम्मं गाव एक जूनला जन्मलं होतं, तेही गुरुजींच्या दौतीतून. पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून दाखल करताना त्याला चार-पाच महिन्यांनी मोठं करून टाकायचं, ही त्यांची समाजसेवा.

आरोपीच्या पिंजऱ्यात मंजुळा उभी होती. शेतमालकाने हात धरला, म्हणून तिने खुरपं चालवलं आणि तो मेला. तारीख नऊ जून. रजिस्टरप्रमाणे ती आठ दिवसांपूर्वीच अठरा वर्षांची झाली होती. अठरा भरली नसती तर मुलींचं सुधारगृह; भरली, म्हणून मोठा तुरुंग.

"साहेब, ती तारीख मीच खोटी लिहिली," गुरुजी म्हणाले. "पोर वसुबारसेची आहे. अठराला अजून पाच महिने होते."

"पुरावा?"

"ही काय, तिची आई बसलीय!"

कोर्ट खो खो हसलं. शेजारी उभा असलेला हवालदार गुरुजींचाच विद्यार्थी. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, जरा दमानं. माझाबी एक जूनच हाय. नोकरीवर गदा यायची."

न्यायाधीशांनी चष्मा सारखा करून ते पान बराच वेळ न्याहाळलं.

"तुमचं अक्षर फार सुरेख आहे हो, गुरुजी," ते आपुलकीने म्हणाले. "कुठे खाडाखोड नाही. शंकेला जागाच नाही."

आणि हवालदाराने मंजुळेचा हात धरला.