मोंगो की काऊच

शिवमच्या मोबाइलच्या पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहिलं. सत्यभामाबाईंच्या गाईला इंजेक्शन देऊन झालं, ती उठली, कडबा खायला लागली, तरी तिची नोंद जतन होईना. वरवट बकाल गावाच्या या टोकाला रेंज नव्हती.

"आता दुसरं ॲप दाखवा," गुरांचे डॉक्टर ज्ञानेश्वर म्हणाले.

करिष्मानं आपला फोन पुढे केला. डॉक्टरांनी तीच माहिती पुन्हा भरली. ती फोनमध्येच लगेच जतन झाली. रेंज मिळाली की ती आपोआप दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर जाणार होती.

करिष्मा आणि तिचा मोठा भाऊ शिवम बुलढाण्यात मिळून सॉफ्टवेअर बनवत. डॉक्टरांच्या ॲपसाठी माहिती साठवायला डेटाबेस कोणता घ्यायचा, यावरून दोघांचं बरेच दिवस वाजत होतं. प्रत्येक जनावराचं दुखणं निराळं. तेव्हा ठरावीक रकाने नकोत, एकेका जनावराची सगळी हकिगत एका जागी राहावी, इथवर एकमत होतं. पुढे शिवम मोंगो नावाचा डेटाबेस घ्या म्हणे, करिष्मा काऊच नावाचा. आईनं दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायला सुरुवात केली होती.

आजची परीक्षा शिवमनंच ठरवली होती. तीत मोंगो नापास झालं, हे गोठ्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसलं.

"मंग काऊच," डॉक्टर म्हणाले.

"मोंगो," शिवम म्हणाला. "इथं टॉवर येऊन राह्यला."

टॉवर कैक वर्षांपासून येत होता. डॉक्टर हात धुवायला गेले.

करिष्मानं भावाला गोठ्याबाहेर नेलं.

"दादा, जिद्द काऊन धरून राह्यला तू? दिसलं ना तुले काय झालं ते."

शिवम चपलेला लागलेलं शेण दगडावर पुसत राहिला.

"मोंगो मले येते," तो म्हणाला. "काऊच एकट्या तुलेच येते. ते घेतलं, तं काही बिघडलं की डॉक्टर तुलेच बोलावतीन. मंग तू बंगलोरले जाशीन कशी?"

बंगलोरच्या नोकरीचं करिष्मानं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. नाही म्हणून कळवायचं तिनं जवळजवळ ठरवलंही होतं.

"तुले कोणं सांगतलं?"

"मुलाखत तू गच्चीवरून फोनवर दिली. मी टाकी धुऊन राह्यलो होतो."

ती रस्त्याकडे वळली. एक एसटी गेली. धूळ खाली बसली.

"काऊचच घेऊ," ती म्हणाली. "मी तुले शिकवीन. तुले पक्कं आलं का मंग जाईन."

शिवमनं मान हलवली. मग दुसऱ्या पायातली चप्पल काढली आणि तीही दगडावर पुसायला घेतली. ती स्वच्छ होती.

"मले शिकाले लय टाइम लागते," तो म्हणाला.