परत करायचा शर्ट

एल्विरा शर्ट परत करायला आली होती. धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला जांभळा शर्ट कागदी पिशवीत होता आणि त्यावर काळ्या शेल्याची गुंडाळी. पथकातलं कुणी भेटायच्या आत पिशवी चौकाच्या कोपऱ्यावर ठेवून निघून जायचं, असं तिने ठरवलं होतं. पण बस उशिरा आली. ती उतरली तेव्हा चौक जांभळ्या शर्टांनी भरून गेला होता.

"बरी सापडलीस!" किको म्हणाला. एकाहत्तर वर्षांचा, आडव्या हाडाचा माणूस. पथक माणसांवर माणसं चढवून मनोरे रचायचं, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी त्याची जागा ठरलेली. त्याने विचारपूस न करता आपल्या शेल्याचं टोक तिच्या हातात कोंबलं. "धर. ताण. आणखी ताण की, वाळत घालतेयस का?"

शेला एकट्याने बांधता येत नाही. दुसऱ्याने टोक ताणून धरायचं आणि आपण गरगर फिरत त्यात कंबर गुंडाळून घ्यायची. किको फिरत फिरत तिच्याजवळ आला आणि धापा टाकत थांबला.

"किको, मी शर्ट परत द्यायला आलेय."

"दे की. मनोरा उतरला की दे. तुझ्या जागी रामोन असतो, त्याची पाठ धरलीय. माझ्या मागची जागा रिकामी आहे. तुझीच ना ती?"

"मनोऱ्यात उभी राहून दोन वर्षं झाली मला."

"मग? खांदे घरी विसरलीस?"

ती हसली नाही. "मला आता कशातच काही वाटत नाही. घरी जाते, बूट काढते आणि भिंतीकडे बघत बसते. बहिणीचा फोन येतो, तोही उचलत नाही. दिवसभर फोनच तर उचलते मी."

आपत्कालीन मदतीच्या नंबरवर फोन घ्यायची तिची नोकरी होती. अख्ख्या प्रांतातल्या किंकाळ्या आधी तिच्या कानात यायच्या. रुग्णवाहिका दारात पोचली की फोन बंद व्हायचा आणि लगेच दुसरा वाजायचा. आधीच्या माणसाचं पुढे काय झालं, ते तिला कधी कळत नसे.

किकोने आपल्या शेल्याची गाठ चाचपली. "वाटायला कोण सांगतंय तुला?" तो म्हणाला. "तू नुसती ढकल."

मग त्यानेच पिशवीतला शेला काढला आणि टोक धरून उभा राहिला.

एल्विराने शर्ट चढवला आणि फिरायला सुरुवात केली. पाचव्या वेढ्याला खिशात फोन थरथरला.

"खिसे रिकामे," किको म्हणाला.

"ड्यूटीवरून असेल. कुणी आलं नसेल, की मलाच बोलावतात."

"रेमेईकडे दे."

किकोची बायको रेमेई गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसलेली असे. तिच्या मांडीवरच्या टोपलीत सगळ्यांचे चष्मे आणि घड्याळं होती. एल्विराचा फोन तिने त्यांच्यात ठेवला आणि वर रुमाल टाकला.

पायथा भरत गेला. एल्विराने किकोच्या पाठीला छाती भिडवली, हात वर ताणले. तिच्या पाठीला आणखी कुणाची छाती भिडली. ढोल वाजला, सनया सुरू झाल्या. एक अनवाणी पाऊल तिच्या डाव्या खांद्यावर पडून पुढे गेलं. मग दुसरं, अगदी हलकं. तिला वर बघावंसं वाटलं.

"मान खाली!" किको ओरडला. त्याने मागे वळून पाहिलंही नव्हतं.

ती हनुवटी छातीशी नेऊन उभी राहिली. समोर फक्त जांभळं कापड. वरचा भार थरथरत खाली उतरत होता. किकोच्या पाठीतून तो तिच्यापर्यंत आला. हात आखडले, बोटं बधिर झाली. ती ढकलत राहिली. इतकी माणसं अंगाला अंग लावून उभी होती आणि कुणी किंचाळत नव्हतं.

सनयांचा सूर बदलला. म्हणजे सातव्या थरावरच्या पोरीने हात वर केला, मनोरा पुरा झाला. आता उतरणं, तेच जास्त कठीण. तिने दात आवळले. शेवटचा पाय खांद्यावरून गेला तेव्हा चौक असा काही गरजला, की तिला सनया ऐकू येईनात. किकोने मागे वळून तिला घट्ट मिठी मारली. त्याची दाढी घामाने ओली होती.

रेमेईने फोन परत दिला. "दोनदा वाजला. दुसऱ्यांदा मी उचलला. म्हटलं, एल्विरा कामात आहे."

"आणि?"

"म्हणे, कसल्या कामात? म्हटलं, सात थर आहेत तिच्या डोक्यावर, ठेव आता."

एल्विराला हसू फुटलं. हसता हसता तिला बाकावर टेकावं लागलं.

"मनोरा कसा होता गं?" तिने विचारलं. "सरळ होता?"

"मेणबत्तीसारखा."

"तुला कसा वाटला रे, किको?"

"मला काय माहीत?" किकोने छाती पुढे काढली. "एकेचाळीस वर्षं झाली. मी एकही पाहिलेला नाही."

फोन पुन्हा थरथरला. तिने उचलला. "आज नाही जमणार," एल्विरा म्हणाली. कारण सांगितलं नाही.

मग तिने रिकामी पिशवी उचलली. "शर्ट आता घामेजला. असा कसा परत देऊ?"

"धुऊन आण," किको म्हणाला. "रविवारी."

"पुसू नकोस ते," रेमेई मध्येच म्हणाली आणि तिच्या खांद्याकडे बोट दाखवलं. जांभळ्या कापडावर धुळीचं एक पाऊल उमटलं होतं. पाची बोटं दिसत होती. वीतभरही नव्हतं.

चौकातून निघताना गार वारा सुटला होता. सोबत आणलेलं जॅकेट एल्विराने हातावरच ठेवलं, आणि बस समोर उभी असताना ती बाजारातल्या लांबच्या रस्त्याने चालत निघाली.