तिसरी पेटी

दोन्ही मशिनं चालू होती आणि एकही काम करत नव्हतं. पंखे घुमत होते, हिरवे दिवे लुकलुकत होते, पण ऐरोलीच्या एका दवाखान्याचा बॅकअप अर्ध्यावर अडकून बसला होता. सुमेधाने पडद्याकडे पाहून कपाळाला हात लावला. सासूबाईंना सानपाड्याला साताऱ्याच्या गाडीत बसवायला निघालेली माणसं ती. वाटेत फोनवर मशिनांचा धोक्याचा निरोप आला म्हणून आपली गाडी रबाळ्याकडे वळवली होती. या दोन ठोंब्यांना संप करायला आजचाच दिवस सापडला होता.

रबाळ्याचा हा गाळा म्हणजे सुमेधा आणि विश्वजितचा दुसरा संसार. दवाखाने, शाळा, वकील अशा गिऱ्हाइकांच्या फायलींची जादा प्रत इथे राहायची. दोन मोठी मशिनं सुमेधाने सॉफ्टवेअरने अशी जुंपली होती, की बाहेरून बघणाऱ्याला एकच वाटावं. एकात लिहिलेलं अक्षर लगेच दुसऱ्यात उमटायचं. एक बंद पडलं तरी दुसरं गाडा ओढायचं. मशिनं तिच्याकडे, वीज, एसी आणि गिऱ्हाइकांची मनधरणी नवऱ्याकडे. सगळं छान चाललं होतं. मंगळवारपासून मात्र नवराबायकोत अबोला होता.

अबोल्याचं कारण दाराजवळच्या खुर्चीत बसलं होतं. गोजराबाई, विश्वजितच्या आई. सोमवारी जेवताना त्या म्हणाल्या, "मी गावी धनाजीकडं जाते. हितं माझा काय उपेग? भाकरी थापवत न्हाई, गुडघ्यानं उभं ऱ्हावत न्हाई. नुसती जागा अडवून बसायचं."

विश्वजितने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "राहा" म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप तिकीट काढून आणलं. याचं आणि धनाजीचं, दोघा भावांचं आधीच ठरलेलं दिसतंय, सुमेधाच्या मनात आलं. आपल्याला साधं विचारलंही नाही. मग तिनेही तोंडाला कुलूप लावलं.

एरवी असं कधी होत नसे. पंखा किती वर ठेवायचा इथपासून नवं गिऱ्हाईक घ्यायचं की नाही इथपर्यंत, कोपरखैरण्याच्या त्या घरातलं प्रत्येक भांडण गोजराबाईंपुढे जायचं. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मग "सुमीचं खरं" किंवा "विश्वाचं खरं" म्हणायच्या, आणि विषय संपायचा. त्यावर अपील नव्हतं. या वेळी मात्र भांडण त्यांच्यावरूनच होतं, त्यामुळे विचारायची पंचाईत.

सुमेधाने वाकून मशिनांच्या मागे पाहिलं. दोघांना जोडणाऱ्या वायरीची पिन मोडली होती.

"आई, तुमच्या मुलाला विचारा, या वायरीला कोणी हात लावला?"

"आई, तिला सांग, सकाळी खालची छोटी पेटी ओढून काढली, तेव्हा धक्का लागला असेल."

"पेटी काढली?" सुमेधाने खालच्या कप्प्यात हात घातला. तिथे नुसती धूळ होती. "आई, विचारा त्याला, का काढली?"

"आई, तिला सांग, मी उघडून बघितलं. त्यात एक फाईल नव्हती. उगाच जागा अडवून बसली होती. गाडीच्या डिकीत टाकलीये, तुझ्या बोचक्याशेजारी. तुला सोडून येताना भंगारात देणार होतो."

सुमेधा अबोला विसरली. "अरे, ती रिकामीच असते!"

हे तिने मशिनं बसवताना त्याला नीट समजावून सांगितलं होतं. तो तेव्हा फोनवर होता.

तो जिन्याकडे पळाला. गोजराबाईंनी चष्मा पुसला. "रिकामी हाय, तर पायजे कशाला गं?"

सुमेधा त्यांच्या पायाशी टेकली. राग आला की तिला जास्तच समजावून सांगता यायचं. "आई, ही दोघं सारखी एकमेकांना विचारून काम करतात. मधली वायर तुटली, की दुसरा बंद पडलाय की नुसता गप्प आहे, हेच कळत नाही. आपण एक करावं आणि तिकडे त्याने भलतंच करावं, या भीतीने दोघंही हात बांधून बसतात. तेव्हा ती पेटी एकाला सांगते, तू चालू कर. बाकी काही काम नाही तिला."

"आन ती नसली की?"

"मग हे असं."

विश्वजित धापा टाकत पेटी घेऊन आला. सुमेधाने ती जागेवर ठेवून जोडली. थोड्या वेळाने दवाखान्याचा बॅकअप पुढे सरकू लागला. नवी वायर लावण्याआधी तिने दोन्हीकडच्या, काम अडकलं तेव्हापर्यंतच्या प्रती ताडून पाहिल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"काय निराळं निघालं का दोघांत?" गोजराबाईंनी विचारलं.

"नाही आई. दोन्हीकडे अगदी तेच होतं."

गोजराबाईंनी एकदा दोन्ही मशिनांकडे बघितलं. मग सुनेकडे वळल्या.

"सुमे, मी जावं आसं तुज्या मनात हाय?"

सुमेधाचे डोळे भरून आले. इतके दिवस कोणीतरी हे विचारायला हवं होतं. "नाही हो, आई. पण त्याने तिकीट काढलं..."

"विश्वा, तुज्या?"

"मला वाटलं, हिला दगदग होते, ही काही बोलली नाही, म्हणजे हिला..."

"तिचं तिनं सांगितलं. तुज्या मनात काय हाय?"

"तू नको जाऊस," विश्वजित लहान पोरासारखं म्हणाला.

गोजराबाईंनी नेहमीसारखे डोळे मिटले. दोघंही निकालाची वाट बघत उभी राहिली.

"मग बघतोस काय? जा. भंगारात जायच्या आदी माजं बोचकं बी वर आण."